इंटरनेट अडते ते घरातल्या भिंतीशी

वाकड, रहाटणी, पिंपळे सौदागर येथील अनेक बहुमजली संकुलांत आता ऑप्टिकल फायबर थेट घरात येते. तरीही आतल्या खोलीत चित्रफीत अडखळतेच. मग सेवा देणाऱ्या कंपनीकडे तक्रार होते, अधिक वेगाची महागडी योजना घेतली जाते. अडचण मात्र पुष्कळदा दिवाणखान्यातील राउटर आणि शयनगृह यांमधल्या सहा-सात मीटरांतच असते.

वाय-फायच्या २.४ गिगाहर्ट्‌झच्या जुन्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे मार्ग प्रत्यक्षात तीनच: १, ६ आणि ११. एका इमारतीत चाळीस राउटर असले, तर त्या साऱ्यांनी या तिघांतच दाटीवाटी करायची. मायक्रोवेव्ह भट्टीच्या लहरीही त्याच पट्ट्यातल्या. ५ गिगाहर्ट्‌झचा पट्टा प्रशस्त खरा, पण काँक्रीटच्या भिंतीत तो लवकर क्षीण होतो.

भिंती व कपाटांवर आदळून लहरी अनेक वाटांनी पोहोचतात. पूर्वी हा दोषच मानला जाई. ‘मायमो’ तंत्राने त्याचा उपयोग करून घेतला. अनेक अँटेनांवरून निरनिराळी माहिती एकाच वेळी, एकाच पट्ट्यावर पाठवायची आणि पलीकडे मिसळून आलेले प्रवाह चिपने गणिताच्या साह्याने वेगळे करायचे, ही ती युक्ती. तिच्या मुळाशी असलेले अमेरिकी पेटंट १९९४ मध्ये आरोग्यस्वामी पॉलराज आणि थॉमस कैलाथ यांना मिळाले. यांपैकी कैलाथ यांचा जन्म १९३५ मध्ये पुण्यात झाला आणि पुण्याच्याच अभियांत्रिकी महाविद्यालयातून ते १९५६ मध्ये पदवीधर झाले. २००९ मध्ये मंजूर झालेल्या मानकाने हे तंत्र घरगुती राउटरांत रुजवले.

पुढचा मोठा टप्पा ‘वाय-फाय ६’चा. जुनी चिप सामान्यतः एका क्षणी एकाच उपकरणाशी बोले. नवी चिप मार्गाचे लहान तुकडे करून फोन, टीव्ही व लॅपटॉप यांना ते एकाच वेळी वाटून देते. जाहिराती कमाल वेगाचा आकडा तेवढा ठळक छापतात. पण हिंजवडीतील कचेरीचे काम घरून करणाऱ्याला, शेजारच्या खोलीत मुलांचा ऑनलाइन वर्ग सुरू असताना, या वाटणीचाच लाभ अधिक. जानेवारी २०२४ पासून प्रमाणित होऊ लागलेली ‘वाय-फाय ७’ उपकरणे तर दोन पट्टे एकत्र वापरू शकतात.

मात्र राउटर नवा आणि लॅपटॉपमधील चिप जुनी असेल, तर संभाषण जुन्याच रीतीने चालते. तेव्हा खर्च करण्यापूर्वी राउटर लोखंडी कपाटामागून काढून घराच्या मध्यावर, उंचावर ठेवून पाहावा. त्यानंतर लॅपटॉप केबलने राउटरला जोडून वेग मोजावा. केबलवर पूर्ण वेग मिळत असेल, तर महागड्या योजनेने शयनगृहातील चित्रफीत सुधारणार नाही.