इंद्रायणीचा फेस

कार्तिक वद्य एकादशीस आळंदीत पोचलेला वारकरी आधी इंद्रायणीत स्नान करतो, मग माउलींच्या समाधीचे दर्शन घेतो. लोणावळ्याजवळ उगम पावणारी ही नदी देहूहून आळंदीस येईतो पिंपरी-चिंचवड परिसरातील सांडपाणी व कारखान्यांचे पाणी पोटात घेते. त्यातील साबणाचा अंश बंधाऱ्यावरून कोसळताना घुसळला जातो आणि पात्रभर पांढरा फेस पसरतो. २०२४ सालीही तो दिसला. दुरून हिमच भासावे! दोष आपण कारखानदाराच्या माथी मारतो. पण त्यातला कितीतरी साबण आपल्याच न्हाणीघरांतून आलेला असतो. घाटावरची वृद्ध वारकरीण हाताने फेस बाजूला सारते, ओंजळ भरते आणि ते पाणी तीर्थ म्हणून ओठांस लावते.