मोटारीस वाट दाखविणारी बिनतारी डबी

आमच्या विज्ञानमंडळाच्या कपाटांत आगपेटीहून थोडी मोठी अशी एक काळी डबी आहे. तिला कांटे नाहींत, पडदा नाहीं, आवाजहि नाहीं. दोन बारीक दिवे तेवढे लुकलुकतात. ती प्रथम दाखविली तेव्हां एका विद्यार्थ्यानें "हिच्यांत आहे तरी काय?" असें विचारलें. त्याच्या वडिलांनीं मात्र निराळेंच विचारलें: "हिच्यामुळें आमचीं मुलें कोठें जातात हें कोणा परक्यास कळणार नाहीं ना?" दोन्ही प्रश्न रास्त आहेत. म्हणून यंदाच्या अंकांत त्यांचा थोडा विस्तारानें विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

या डबीस जी. पी. एस. ग्राहकयंत्र असें म्हणतात. शाळेस देणगीदाखल मिळालेल्या टॅब्लेटांवर नकाशा उत्तम दिसतो. परंतु त्या नकाशावर आपण कोठें आहों हें त्यांस कळत नाहीं, कारण उपग्रहांचे संदेश ऐकण्याचें अंगच त्यांत बसविलेलें नाहीं. तें काम ही डबी करिते आणि आपलें उत्तर ब्लूटूथ नांवाच्या बिनतारी मार्गानें टॅब्लेटास कळविते. ब्लूटूथ म्हणजे निळा दांत! हें विचित्र नांव दहाव्या शतकांतील डेन्मार्कचा राजा हॅराल्ड याच्या टोपणनांवावरून पडलें आहे. डेन लोकांस आपण ख्रिस्ती केलें असें याच राजानें येलिंग येथील शिळेवर कोरविलें. आपलें नांव हजार वर्षांनीं अशा डबीस लागेल हें त्या बिचाऱ्याच्या स्वप्नींहि नसेल.

आतां मूळ युक्ति पाहूं. शाळेची घंटा बरोबर सात वाजतां होते असें समजा. ध्वनि एका सेकंदांत सुमारें ३४० मीटर जातो. एखाद्या मुलाच्या अचूक घड्याळांत सात वाजून तीन सेकंद झाल्यावर घंटा ऐकूं आली, तर तो शाळेपासून सुमारें एक किलोमीटर दूर आहे हें उघड आहे. पण कोणत्या दिशेस, तें कळत नाहीं. शाळेभोंवतीं एक किलोमीटर त्रिज्येचें वर्तुळ काढावें, त्यावर तो कोठें तरी असणार. त्याच क्षणीं गांवांतील देवळाची घंटाहि वाजली, तर दुसरें वर्तुळ मिळतें व दोन वर्तुळें दोनच बिंदूंत छेदतात. तिसरी घंटा ऐकली म्हणजे त्या दोहोंपैकीं खरा बिंदु कोणता याचा निवाडा होतो.

आकाशांत याच घंटा उपग्रहांच्या रूपानें फिरत आहेत. अमेरिकेच्या सैन्यानें या मालेंतील पहिला उपग्रह २२ फेब्रुवारी १९७८ रोजीं सोडला. पुरी माला निदान २४ उपग्रहांची असते. ते भूपृष्ठापासून सुमारें २०,२०० किलोमीटर उंचीवरून सुमारें बारा तासांत पृथ्वीस एक फेरा घालतात. त्यांचा संदेश ध्वनीचा नसून रेडिओ-लहरींचा असतो, म्हणून तो आपणांपर्यंत एका सेकंदाच्या सुमारें पंधराव्या भागांत येऊन पोहोंचतो. येथेंच अडचण उभी राहते. घड्याळ एका सेकंदाच्या दशलक्षांश भागानें चुकलें, तरी अंतर ३०० मीटरांनीं चुकतें! उपग्रहांत आण्विक घड्याळें असतात. आमच्या डबींत तसलें घड्याळ कोठून असणार? यावर तोड अशी कीं, तिनें तीनऐवजीं चार उपग्रह ऐकावे. तीन अज्ञातें स्थानाचीं आणि चौथें आपल्या घड्याळाच्या चुकीचें. चार अज्ञातांस चार समीकरणें. 'बीजगणिताचा उपयोग काय?' असें दर परीक्षेपूर्वीं विचारणाऱ्यांनीं एवढें ध्यानांत ठेवावें.

आइन्स्टाइनच्या सिद्धान्ताचीहि येथें गांठ पडते. उंचावर गुरुत्वाकर्षण कमी असल्यामुळें उपग्रहांतील घड्याळें जलद चालतात, आणि वेगामुळें थोडीं मंद होतात. जमाखर्च मांडला तर तीं दिवसाकांठीं सेकंदाच्या ३८ दशलक्षांश भागांइतकीं पुढें जातात. ही दुरुस्ती न केली तर एका दिवसांत दहा किलोमीटरांहून अधिक चूक सांचेल.

त्या पालकांच्या प्रश्नाचें उत्तर आतां सहज देतां येतें. डबी केवळ ऐकते, बोलत नाहीं. घंटा ऐकणारा मुलगा कोठें उभा आहे हें घंटेस ठाऊक नसतें, तसेंच उपग्रहांस आमची वार्ता नसते. ब्लूटूथवरून ती बोलते तें दहापांच मीटरांच्या आंत, मोटारींतल्या मोटारींत. मात्र हेंच स्थान एखादा मोबाईल फोन जाळ्यावरून पुढें कोणास कळवूं शकतो. म्हणून धास्ती बाळगावयाची तर ती फोनांतील निरनिराळ्या कार्यक्रमांस दिलेल्या परवानग्यांची बाळगावी.

सामान्य लोकांस ही सोय एकदम लाभली नाहीं. १९८३ च्या सप्टेंबरांत कोरियाचें एक प्रवासी विमान वाट चुकून सोव्हिएट हद्दींत गेलें व तें पाडलें जाऊन २६९ माणसें मृत्यु पावलीं. त्यानंतर ही माला सर्वांस विनामूल्य वापरूं देण्याचें अमेरिकेनें जाहीर केलें. तरीहि नागरी संदेशांत मुद्दाम चूक मिसळलेली असे. ती १ मे २०००च्या रात्रीं काढून टाकण्यांत आली आणि जेथें शंभर मीटरांचा भरंवसा नव्हता तेथें दहावीस मीटरांचा येऊं लागला.  आपल्या देशानेंहि १ जुलै २०१३ रोजीं श्रीहरिकोट्याहून स्वतःच्या मालेंतील पहिला दिशादर्शक उपग्रह सोडला.

वापरण्याची रीत सांगतों. डबी उघड्या आकाशाखालीं ठेवून चालू करावी व धीर धरावा. प्रत्येक उपग्रह आपल्या कक्षेची माहिती दर ३० सेकंदांनीं पुनः सांगतो, आणि सर्व मालेचें पंचांग पुरें होण्यास साडेबारा मिनिटें लागतात. बहुत दिवस बंद राहिलेली डबी म्हणूनच प्रथम वेळ लावते. नंतर टॅब्लेटाशीं तिची जोडी जमवावी; खूणशब्द बहुधा चार शून्यें असतो. अँड्रॉइड टॅब्लेटावर बाहेरून आलेलें स्थान मान्य करण्याची परवानगी, यंत्ररचना करणाऱ्यांसाठीं ठेवलेल्या पानावर जाऊन, द्यावी लागते. आयपॅड मात्र त्याच्या कारखान्यानें मान्य केलेलींच ग्राहकयंत्रें स्वीकारतो, हें विकत घेण्यापूर्वीं पहावें. मोटारींत डबीची जागा पुढच्या कांचेखालीं. कांहीं गाड्यांच्या कांचेवर धातूचा सूक्ष्म लेप असतो, तेथें ती बहिरी होते.

डबी टॅब्लेटास जें सांगते तें साध्या अक्षरांच्या ओळींनीं, बहुधा दर सेकंदास. तींत वेळ, अक्षांश, रेखांश व वेग असतात. आमच्या मुलांनीं त्या ओळी पाहून गाडीचें स्थान कागदावर मांडलें, तों भोर गांव सुमारें साडेसहा किलोमीटर दक्षिणेस सरकलें! चूक त्यांचीच होती. १८०९ हा आंकडा त्यांनीं १८.०९ अंश असा वाचला. तो होता १८ अंश ९ मिनिटें.

भोरचें नांव निघालें म्हणून एक हकीकत सांगणें प्राप्त आहे. गेल्या पावसाळ्यांत वसतिगृहांतील दोघां भावांचे वडील महाडास अत्यवस्थ असल्याचा निरोप आला. मुलांस घेऊन आम्ही पुण्याहून संध्याकाळीं निघालों. नकाशा अगोदरच टॅब्लेटांत भरून घेतला होता. यंत्रानें भोरवरून वरंधा घाटाची जवळची वाट दाखविली आणि आम्हीं ती मुकाट्यानें धरली. भोरास चहाला थांबलों तों दुकानदार म्हणाला, "मास्तर, वरंधा बंद हाय. दरड आलीया. मागं फिरा." डबीचें उत्तर चुकलें नव्हतें, आपण कोठें आहों तें ती बरोबर सांगत होती. वाट बंद असल्याचें नकाशास ठाऊक नव्हतें, आणि नकाशा निराळा व डबी निराळी हें आम्ही, शिकविणारेच, विसरलों होतों. तारा पाहून निघालेल्या पूर्वेकडील ज्ञानी लोकांसहि येरुशलेमेंत चौकशी करावी लागलीच होती.

कापूरहोळास परत येऊन शिरवळ, सुरूर, वाई, महाबळेश्वर असा वळसा घेतला. आंबेनळी घाटांत धुकें इतकें दाट कीं दिव्यांच्या उजेडांत चार हातांपलीकडे कांहीं दिसेना. चालकानें पडद्याकडे पाहूं नये असा आमचा नियम आहे. म्हणून थोरला भाऊ पुढें बसून टॅब्लेट पाहत होता व "पुढें डावें वळण, मोठें आहे" असें सांगत होता. तेवढ्या आधारावर गाडी पायाच्या गतीनें उतरत होती. कड्यालगत आकाश अर्धें झांकलें जाई तेव्हां आमचें स्थान पडद्यावर दरीच्या पोटांत उडी घेई. तसें होतांच मुलगा "थांबा" म्हणे आणि खूण पुनः रस्त्यावर येईपर्यंत आम्ही उभे राहूं. खडकावर आपटून आलेला संदेश लांबून आल्यासारखा भासतो, त्याचा हा परिणाम. पोलादपूर गांठलें तेव्हां रात्रीचा एक वाजून गेला होता. महाडास मुलांनीं वडिलांचा हात धरला, त्यांनीं डोळे उघडून दोघांसहि ओळखलें. परमेश्वराच्या कृपेनें ते पुढें बरे होऊन घरींहि गेले.

परत आल्यावर आम्हीं डबीच्या पेटींत एक कागद चिकटविला आहे. निघण्यापूर्वीं घाट चालू आहे कीं नाहीं याची चौकशी करावी, असें त्यावर थोरल्या भावाच्या अक्षरांत लिहिलें आहे. ज्या पालकांस डबी प्रवासास न्यावयाची असेल त्यांनीं विज्ञानशिक्षकांकडे दोन दिवस आधीं नांव नोंदवावें, आणि परत करतांना ती विजेवर पूर्ण भरून आणावी.