एकटा पुरतो, तर सतरा जण कशाला?

गॅदरिंगची तयारी सुरू झाली की एक सीन हमखास होतो. बॅंडचा बेसवाला ऐन वेळी गळतो, ट्रम्पेट वाजवणारा तर कॉलेजात मुळात कुणी नसतोच. मग कुणीतरी म्हणतं, "अरे, कीबोर्डवर सगळं निघतं की! टेन्शन कशाला घेता?" आणि निघतंच. एक बटण दाबलं की व्हायोलिन, दुसरं दाबलं की ब्रास सेक्शन. सात जणांच्या प्रॅक्टिसची वेळ जुळवण्यापेक्षा हे केव्हाही सोपं, हे तुम्हालाही माहितीय.

हा वाद तुमच्या हॉस्टेलच्या रूममध्ये जन्मलेला नाही बरं का. जॅझमध्ये तो सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वीच झालाय, आणि त्या वादातल्या दोन्ही पार्ट्या एकदा एकाच अल्बमवर समोरासमोर आल्या. अल्बमचं नाव 'बॅशिन', वर्ष १९६२. एका बाजूला सोळा-सतरा वाजवणाऱ्यांची बिग बॅंड, दुसऱ्या बाजूला एकटा ऑर्गनवाला, जिमी स्मिथ. बिग बॅंडसोबतचं हे त्याचं पहिलंच रेकॉर्डिंग. व्हर्व्ह या नव्या कंपनीसाठीही पहिलंच.

थांबा, आधी ऑर्गनचं बोलू. 'ऑर्गन' म्हटलं की घरातल्या आजी-आजोबांना संगीत नाटकातली पायपेटी आठवेल. पायाने भाता मारायचा, हाताने वाजवायची. जॅझवाल्यांचा ऑर्गन वेगळा. लॉरेन्स हॅमंड हा अमेरिकन माणूस मूळचा इंजिनिअर, विजेवर चालणारी घड्याळं बनवायचा. घड्याळाची मोटर एकाच ठाम वेगाने फिरते, मग त्याच वेगावर सूर का नाही काढायचे, असं त्याच्या डोक्यात आलं. १९३५ साली त्याचा ऑर्गन बाजारात आला. आत दातेरी चाकं, प्रत्येक चाकाजवळ लोहचुंबक आणि तारेचं वेटोळं. चाक फिरलं की वीज थरथरते आणि त्या थरथरीचा सूर होतो. ज्यांना पाइप ऑर्गन परवडत नव्हता अशा चर्चेसनी तो हौसेने घेतला.

त्याचं सगळ्यात गाजलेलं मॉडेल बी-३. एकावर एक दोन कीबोर्ड, खाली पायाने वाजवायच्या पंचवीस पट्ट्या, वर सुरांचं मिश्रण ठरवायला ओढायच्या दांड्या. वजन बाक आणि पेडलसकट दोनशे किलोच्या आसपास! पट्टी दाबली की बारीक 'टक्' असा आवाज येतो. कंपनीच्या लेखी तो दोष होता. वाजवणाऱ्यांच्या लेखी तीच सगळी मजा.

आता मुद्द्याचं. दुसरं महायुद्ध संपलं आणि बिग बॅंडचे दिवस भरले. सतरा माणसांचे पगार, सतरा माणसांचा प्रवास, सतरा माणसांचं जेवण. डान्स हॉल ओस पडायला लागल्यावर हे कुठल्या मालकाला झेपणार? त्याच सुमारास वाइल्ड बिल डेव्हिस नावाचा एक गडी पुढे आला. लुई जॉर्डनच्या बॅंडमध्ये तो पियानो वाजवायचा, बॅंडसाठी संगीत लिहायचाही. सगळे ट्रम्पेट, सगळे सॅक्सोफोन एकदम उसळतात तेव्हा कोणते सूर कुणाकडे असतात, हे त्याला पाठ होतं. त्याने तेच सूर दोन्ही हातांत भरून ऑर्गनवर ओतले. डावा हात आणि पाय बेस सांभाळतायत, उजवा हात अख्खा ब्रास सेक्शन. जोडीला एक गिटार, एक ड्रम. झाली बिग बॅंड! फिलाडेल्फिया, न्यूअर्कसारख्या शहरांत कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांमधल्या छोट्या क्लबांना हे त्रिकूट परवडायचं. सतरा जणांचं काम तिघांत.

म्हणजे ऑर्गन हा बिग बॅंडचा पाहुणा नव्हे, तिच्या जागेवर आलेला माणूस होता. त्याला पुन्हा बॅंडमध्ये बोलवायचं म्हणजे गंमतच.

पहिला मोठा प्रयत्न चक्क ट्रकमुळे फसला. काऊंट बेसीला ऑर्गनचं वेड तरुणपणापासून होतं. हार्लेमच्या लिंकन थिएटरमध्ये फॅट्स वॉलर मूकपटांना ऑर्गनची साथ करायचा, तेव्हा बेसी त्याच्या आसपास घुटमळत शिकला होता. १९५५ मध्ये डेव्हिसने बेसीच्या बॅंडसाठी 'एप्रिल इन पॅरिस'ची मांडणी लिहिली आणि रेकॉर्डिंगला तो स्वतः ऑर्गनवर असणार होता. वाटेत त्याचा ट्रक बंद पडला. दोनशे किलोचं धूड टॅक्सीत घालून आणता येत नाही, त्यामुळे बेसीने त्याच्याशिवायच रेकॉर्डिंग उरकलं. तेच पुढे बेसीचं खूप लोकप्रिय रेकॉर्डिंग ठरलं. गाणं संपतं, बेसी 'पुन्हा' म्हणतो, परत संपतं, तो परत 'पुन्हा' म्हणतो. एकदा ऐकाच. ऑर्गनची उणीव कुठेही जाणवत नाही, आणि डेव्हिसच्या बाजूने विचार केला तर हेच जरा टोचतं.

हाच वाइल्ड बिल डेव्हिस ऐकून एक पियानोवाला वेडा झाला होता. तो म्हणजे जिमी स्मिथ. त्याने ऑर्गन घेतला, फिलाडेल्फियाच्या एका गोदामात नेऊन ठेवला आणि साधारण वर्षभर तिथेच घासत बसला. पायाखालच्या पट्ट्यांचा तक्ता समोर भिंतीवर लावलेला, म्हणजे वाजवताना मान खाली घालायला नको. (आपण यूट्यूबवर तीन ट्युटोरियल बघून वैतागतो, ते आठवा.) १९५६ मध्ये ब्लू नोट कंपनीने त्याचा पहिला अल्बम काढला आणि पुढच्या पाच-सहा वर्षांत तो ऑर्गनचा बादशहा झाला. त्याला कुणाची गरजच उरली नव्हती. बेस त्याचा, सूर त्याचे, हवा त्याची.

१९६२ मध्ये निर्माता क्रीड टेलरने त्याला बिग बॅंडसमोर बसवलं. मांडणी लिहायला ऑलिव्हर नेल्सन, वय फक्त २९, स्वतः सॅक्सोफोन वाजवणारा. आता नेल्सनच्या जागी तुम्ही आहात असं समजा. ट्रम्पेटवाल्याला श्वास घ्यावा लागतो. त्याचा सूर फुगतो, दमतो, थांबतो. ऑर्गनला श्वासच नाही. बोट ठेवलं की ठेवेपर्यंत सूर चालू. पट्टी जोरात दाबली काय, हळू दाबली काय, आवाज तेवढाच, तो कमी-जास्त करायचा पायाने. शिवाय ऑर्गन खालपासून वरपर्यंत सगळी जागा व्यापून टाकतो. सतरा जण आणि हा एकाच वेळी सुटले तर नुसता कल्ला. मग लिहायचं काय?

'वॉक ऑन द वाइल्ड साइड' लावा. (लू रीडचं गाणं वेगळं, ते दहा वर्षांनंतरचं. हे त्याच नावाच्या सिनेमाचं एल्मर बर्नस्टाइनने केलेलं संगीत.) सुमारे सहा मिनिटांचा ट्रॅक आहे आणि बराच वेळ पाहुणा येतच नाही! सुरुवातीला दबकी पावलं, मग ब्रासची चढत जाणारी भिंत. पहिल्यांदा ऐकताना मला वाटलं, चुकीचा ट्रॅक लागला की काय. आणि भिंत शिगेला पोचते तेव्हा नेल्सन ती बाजूला घेतो आणि मधोमध एकटा ऑर्गन, ब्लूजमध्ये भिजलेला. बॅंड अधूनमधून फक्त टोचणी देते. ढोल-ताशा पथकात ताशा एकटा बोलायला लागला की ढोल कसे दबा धरून थांबतात, तसं काहीसं. त्या थांबलेल्या माणसांचं वजन तुम्हाला ऐकू येतं, आणि हे कीबोर्डच्या बटणावर निघत नाही. नेल्सनने जिमीला जास्त सूर दिले नाहीत, जागा दिली.

लोकांना ते भयंकर आवडलं. गाणं दोन भागांत तोडून सिंगल काढली, ती बिलबोर्डच्या टॉप शंभरात २१ व्या नंबरवर गेली. जॅझच्या वाद्यसंगीताला हे सहसा जमत नाही. स्कॉर्सेसीचा 'कसिनो' बघितला असेल तर तुम्ही ते ऐकलंय, फक्त नाव माहीत नव्हतं.

पण मला या अल्बमची जास्त आवडणारी गोष्ट तिच्या रचनेत आहे. बिग बॅंड फक्त चार गाण्यांत आहे. उरलेल्या तीन गाण्यांत जिमी, गिटार आणि ड्रम, बस्स. म्हणजे प्रश्न आणि त्याची दोन्ही उत्तरं एकाच रेकॉर्डवर. खरं सांगू? त्रिकुटाची गाणीही कमी नाहीत. तिथे तो मोकळा आहे, वाटेल तिकडे वळतो, कुणासाठी थांबत नाही. बॅंडसोबत तो जरा शहाण्यासारखा वागतो. कुठला जिमी आवडतो यावर मित्राशी भांडायला भरपूर वाव आहे.

आणि हे सगळं लांबचं वाटत असेल तर आपल्या घरात बघा. १९३५ मध्ये लिऑन ॲबीची बॅंड मुंबईच्या 'ताज'मध्ये वाजली, आणि त्यानंतर गोव्याच्या वादकांनी हा आवाज असा उचलला की तो सिनेमात शिरला. १९५१ च्या 'अलबेला'मध्ये सी. रामचंद्र, म्हणजे आपले चितळकर अण्णा, यांच्या 'दीवाना परवाना'त दिसतो तो चिक चॉकलेट आणि त्याची बॅंड. मूळचा गोव्याचा अँटोनियो झेवियर वाझ. वरातीत आजही ज्यावर आपण नाचतो, त्यातला ट्रम्पेटचा झटका इथून आलाय.

तर 'बॅशिन' कसा ऐकायचा? उलटा. आधी शेवटची तीन गाणी, मग पहिली चार. त्रिकुटात बेसचा मार्ग शोधा. तिथे वेगळा बेसवाला नाही, ते सगळं जिमीचंच चाललेलं असतं. मग बॅंडमध्ये जा, तिथे त्या कामाला जॉर्ज डुव्हिव्हिए नावाचा माणूस उभा आहे. आणि प्लीज, हेडफोन लावा. मोबाइलच्या स्पीकरवर पायाचे सूर ऐकूच येत नाहीत.