ड्रमचा ठोका आणि मागची प्लाटून

प्रजासत्ताक दिनाच्या परेडची तालीम चालू होती. ड्रम सर्वांत पुढे आणि आमची प्लाटून सर्वांत मागे. ड्रिल उस्तादांची रोज एकच तक्रार, "पीछे वाले, कदम मिलाओ!" आम्ही तर कान देऊन ठोक्यावरच पाय टाकत होतो. तरी तिसऱ्या दिवशी प्लाटूनला ग्राउंडच्या पाच फेऱ्या मिळाल्या. धावताना मला नववीच्या पुस्तकातला ध्वनीचा धडा आठवला.

ड्रमवर काठी पडली की त्याचा पडदा थरथरतो आणि लगतच्या हवेला ढकलतो. ती हवा पुढच्या हवेला ढकलते. मेसच्या रांगेत मागून धक्का दिला तर तो पहिल्या मुलापर्यंत पोहोचतो, पण धक्का देणारा मागेच राहतो. तसेच हवेचे कण जागच्या जागी पुढे-मागे होतात, पुढे जातो तो फक्त धक्का. दाट आणि विरळ हवेचे असे पट्टे एकामागून एक सरकतात, हाच ध्वनितरंग. हवा नसेल तर आवाजही नाही.

हा तरंग कानात शिरून कानाचा पडदा हलवतो. पडद्याला हातोडी, ऐरण आणि रिकीब ही तीन इवलीशी हाडे जोडलेली असतात. रिकीब हे तर शरीरातले सर्वांत लहान हाड. ती हे कंपन आतल्या, गोगलगाईच्या शंखासारख्या वळलेल्या भागातील द्रवात पोहोचवतात. तिथल्या केसांसारख्या टोकांच्या पेशी कंपनाचे विद्युत संदेश करून मेंदूकडे पाठवतात. मग आपल्याला 'धम्' ऐकू येते.

म्हणजे आमचे कान बरोबर होते. उशीर वाटेत होत होता. संध्याकाळी मी अंतर मोजले. ड्रिलचे पाऊल ३० इंचांचे असते. ड्रमच्या जागेपासून आमच्या जागेपर्यंत १०५ पावले भरली, म्हणजे सुमारे ८० मीटर. हवेत २० अंश तापमानाला ध्वनीचा वेग सेकंदाला ३४३ मीटर असतो. थंडीत तो कमी होतो, आमच्या सकाळच्या ६ अंशांना साधारण ३३५ मीटर. त्या हिशेबाने ठोका आमच्यापर्यंत यायला जवळजवळ पाव सेकंद लागतो.

पाव सेकंद थोडा वाटेल. पण तेज चालमध्ये मिनिटाला १२० कदम पडतात, म्हणजे अर्ध्या सेकंदाला एक. आमचा डावा पाय टेकतो तेव्हा पुढच्यांचा उजवा निम्म्या वाटेवर असतो! अंतर १६७ मीटर असते, तर आमचा डावा आणि त्यांचा उजवा एकदमच पडला असता. दोन ठोक्यांमधला वेळ मात्र बदलत नाही, त्यामुळे आम्हाला आपली चूक कळतच नव्हती.

शर्यतीत वेळ मोजणारे पिस्तुलाच्या आवाजावर नव्हे, धुरावर घड्याळ चालू करतात, तेही याच कारणाने. प्रकाशाला एवढे अंतर कापायला लागणारा वेळ नगण्य असतो.

दुसऱ्या दिवशी भीत भीत हा हिशेब उस्तादांना दाखवला. त्यांनी कागद दोनदा वाचला आणि म्हणाले, "तो फिर आँख से चलो." आम्ही पुढच्या प्लाटूनच्या टाचांवर नजर ठेवून चाललो आणि कदम जुळले.

पाच फेऱ्या मात्र माफ झाल्या नाहीत. त्या आधीच धावून झाल्या होत्या. पुढच्या वर्षी मागे उभ्या राहणाऱ्या ज्युनिअर मित्रांनो, ताल कानाने धरा, पण पाऊल डोळ्यांनी जुळवा.