रानटी यीस्ट: हद्दपारी आणि पुनरागमन

1878 साली लुई पाश्चर यांनी फ्रान्समधल्या आर्ब्वा गावाजवळच्या मळ्यात काही वेलींवर काचघरे उभारली आणि आतले घड कापसात गुंडाळले. ऑक्टोबरात ती द्राक्षे कुस्करली, तरी रस आंबला नाही. उघड्यावरच्या द्राक्षांचा आंबला. वाइन होते ती बाहेरून येणाऱ्या यीस्टमुळे, हे पक्के झाले. मग नको असलेले यीस्ट वगळण्याची धडपड सुरू झाली. 1883 मध्ये एमिल हॅन्सेन यांनी कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एका पेशीपासून वाढवलेले शुद्ध यीस्ट बिअरसाठी वापरात आणले. 1890च्या दशकात म्युलर-थुरगाऊ यांनी ती रीत वाइनकडे वळवली. 1960च्या दशकापासून वाळवलेले यीस्ट बाजारात मिळू लागले आणि विरजण लावावे तसे ते रसात पडू लागले. रानटी यीस्टवरचा राग निराधार नव्हता: सालीवर मुबलक असणारे हॅन्सेनियास्पोरा माजले, तर वाइनला व्हिनेगरचा, नेलपॉलिशचा वास येतो.

तरीही ‘रानटी की शुद्ध’ हा सामनाच चुकीचा मांडला गेला. मॉर्टिमर आणि पोल्सिनेली या संशोधकांना 1999 मध्ये असे दिसले, की सॅकरोमायसिस हे वाइनचे मुख्य यीस्ट हजार धडधाकट मण्यांपैकी जेमतेम एकावर असते, फुटलेल्यांत मात्र चारांपैकी एकावर. म्हणजे बाहेरून काही न घालताही शेवटी बाजी मारणारे सॅकरोमायसिस मळ्यातून थोडे आणि तळघरातल्या पिंपा-यंत्रांवरून बरेच येते. मद्यार्क वाढला, की बाकीचे बहुतेक मागे पडतात. रानटी यीस्टचा वाटा मुख्यतः पहिल्या काही दिवसांचा.

मग एवढ्याशा वाट्याचे कौतुक कशाला, असे कोणी विचारेल. पण त्याच दिवसांत लॅकॅन्सिया हे रानटी यीस्ट लॅक्टिक आम्ल तयार करून उष्ण प्रदेशातल्या वाइनला हरवलेला आंबटपणा परत देते. टोरुलास्पोराने सुरुवात केली, तर अ‍ॅसिटिक आम्ल कमी राहते. एकेकाळी हाकलून दिलेली ही यीस्ट आज पाकिटांतून विकली जातात. रानटी यीस्टमुळे वाइनला त्या-त्या मातीची चव येते, ही निव्वळ विक्रीची भाषा आहे, हा आक्षेप अधिक वजनदार. मात्र न्यूझीलंडमध्ये निरनिराळ्या भागांतल्या सॅकरोमायसिसने एकाच प्रकारचा सोव्हिन्यॉं ब्लॉंचा रस आंबवला, तेव्हा वाइनच्या रसायनांत प्रदेशानुसार फरक आढळला. 2015 मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झाले. फरक खरा आहे, पण तो चांगलाच असेल याची हमी नाही. म्हणून रानटी यीस्टवर भिस्त ठेवणाऱ्याला निरोगी द्राक्षे, थंड रस आणि रोजची तपासणी यांची गरज इतरांपेक्षा जास्तच पडते.