गडावर रात्री साप चावला तर?

पावसाळा लागला की आपली गँग पाचनईमार्गे हरिश्चंद्रगडावर निघते. बॅगेत मॅगी असते, पॉवर बँक असते. पण गुहेत झोपलेल्या मित्राला साप चावला तर काय करायचं, हे किती जणांना ठाऊक असतं?

मण्यार बहुतेकदा रात्री, जमिनीवर झोपलेल्यांना चावते. फारसं दुखत नाही, सूजही नसते. काही वेळाने पोटात दुखतं, पापण्या मिटू लागतात, श्वास अडकतो. त्यामुळे ‘मुंगी चावली असेल रे’ म्हणून पुन्हा झोपू नका.

सिनेमातलं सगळं विसरा. चिरा देऊ नका, रक्त चोखू नका, दोरी आवळू नका, साप शोधत बसू नका. अंगठी, कडं काढा. चावलेल्या हाताला किंवा पायाला काठीचा आधार बांधा, तो हलता कामा नये. मित्राला चालवू नका. गावकऱ्यांना बोलवा, उचलून खाली आणा. रेंज मिळताच १०८ लावा. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चारही सापांवर एकच प्रतिविष चालतं, आणि ते रुग्णालयातच मिळतं.

म्हणून निघण्याआधी दोन गोष्टी करा. जवळचं सरकारी रुग्णालय कुठे आहे ते बघून ठेवा आणि पायथ्याच्या गावातल्या कुणाचा तरी नंबर घ्या. गडावर सेल्फीला रेंज लागत नाही, मदतीला लागते.