‘वय झालं’ म्हणून सोडू नका

गोठ्यातल्या बैलाने एक दिवस वैरणीला तोंड लावले नाही, तर घरभर चर्चा होते. कोणी त्याचे कान चाचपतो, कोणी शेण पाहतो आणि दुपारच्या आत ढोरांच्या डॉक्टरांना निरोप जातो. यात चूक काहीच नाही. पण ओसरीवरच्या बाजेवर बसलेल्या आजीने दोन दिवस अर्धीच भाकरी खाल्ली, तर आपण काय म्हणतो? “वय झालं आता.” विषय तिथेच संपतो.

हे आपण दुष्टपणाने म्हणत नाही. कामाचा रगाडा असतो. शिवाय म्हातारी माणसे स्वतःच दुखणे लपवतात. “आमचं काय, पिकलं पान!” असे म्हणून मुलांचा खर्च वाचवू पाहतात. पण मंडळी, म्हातारपण हा आजार नव्हे. वयाच्या नावावर आपण जे खपवतो, त्यातल्या पुष्कळ गोष्टींना वेगळे कारण असते आणि बऱ्याच वेळा त्यावर इलाजही असतो. वेळ मात्र गाठावी लागते.

डोळ्यांचेच पाहा. तात्यांना दिसेनासे झाले, ते मोतीबिंदूमुळे असेल, तर शस्त्रक्रियेने बहुधा नजर परत येते. ‘मोतीबिंदू पूर्ण पिकू द्यावा’ ही समजूत जुनी झाली. फार पिकलेला मोतीबिंदू काढणे उलट अवघड जाते. सरकारी रुग्णालयांत ही शस्त्रक्रिया मोफत होते. पण दुखणे काचबिंदूचे असेल, तर गेलेली नजर परत येत नाही, उरलेली तेवढी राखता येते. मोतीबिंदू की काचबिंदू, हे घरी बसून कळत नाही. म्हणून तपासणी लांबणीवर टाकू नये.

दुसरी गोष्ट एकाएकी बरळण्याची. काल व्यवस्थित बोलणारी आजी आज घरच्यांना ओळखत नाही, भलतेच बोलते किंवा नुसती पेंगत राहते. कोणी म्हणते चळ लागला, कोणी म्हणते बाहेरचे काही असेल. पुष्कळदा यामागे लघवीच्या मार्गातला किंवा छातीतला जंतुसंसर्ग असतो. अंगातले पाणी किंवा मीठ कमी झालेले असते, नाहीतर साखर उतरलेली असते. म्हाताऱ्या माणसाला अशा वेळी ताप येईलच असे नाही. म्हणून त्याच दिवशी दवाखाना गाठावा. वर्षावर्षाने हळूहळू वाढणारा विसराळूपणा वेगळा. तोही डॉक्टरांना दाखवावा, पण त्यावरून माणसाला रागावू नये. तो मुद्दाम विसरत नाही.

तोंड एकाएकी वाकडे झाले, एक हात लुळा पडला किंवा जीभ जड झाली, तर तो पक्षाघात समजावा. अशा वेळी तेल चोळत किंवा कबुतराचे रक्त लावत बसू नये. तोंडात पाणी वा औषध घालू नये, ते श्वासनलिकेत जाते. त्रास कधी सुरू झाला ती वेळ ध्यानात ठेवून लगेच १०८ ला फोन करावा. मेंदूतली गुठळी विरघळवणारे इंजेक्शन सर्वसाधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते. त्याआधी मेंदूचा फोटो काढावा लागतो. गाव ते मोठे रुग्णालय हे अंतर याच साडेचार तासांत धरायचे आहे. “सकाळी बघू” म्हणाल, तर हातची वेळ निघून जाईल.

आता रोजच्या काळजीचे. रात्री लघवीला उठताना पडणे ही म्हातारपणातली मोठी आपत्ती. झोपेतून ताडकन उठले की रक्तदाब उतरतो आणि भोवळ येते. आधी बाजेच्या कडेला दोन मिनिटे बसावे, मग उभे राहावे. सैल झालेली बाज ताणून घ्या. मोरीतले शेवाळ घासून काढा. वाटेवर रात्रभर लहानसा दिवा असू द्या. पडल्यानंतर पाय आखूड दिसला किंवा बाहेर वळलेला दिसला, तर खुब्याचे हाड मोडले असण्याचा संभव असतो. पाय ओढू नये, चोळू नये, चालवून पाहू नये.

वयाबरोबर तहान कमी लागते. शिवाय सारखे उठावे लागेल या धास्तीने म्हातारी माणसे पाणी टाळतात. शेतावर जाताना बाजेजवळ भरलेला तांब्या ठेवा आणि आल्यावर तो किती रिकामा झाला ते पाहा. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल, तर पाण्याचे प्रमाण डॉक्टरांना विचारावे. दात नसले, तर भाकरी दुधात किंवा आमटीत कुस्करून द्यावी. नुसत्या चहा-बिस्किटावर दिवस काढू देऊ नये. वरण, मऊ शिजवलेली उसळ, अंडे, दही यांनी अंगात बळ राहते. रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या गोळ्या बरे वाटते म्हणून आपल्या मनाने बंद करू नयेत.

खर्चाची चिंता खरीच आहे. २०२४ पासून ७० वर्षांच्या पुढील सर्वांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळते. योजनेतल्या रुग्णालयात भरती होऊन घेतलेल्या उपचारांसाठी कुटुंबामागे वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतची सोय त्यात आहे. आधार कार्डावर ते निघते. आशाताईंना विचारा आणि गरज पडण्याच्या आधीच काढून ठेवा.

आणखी एक. हे सारे करायचे कोणी? बहुतेक घरांत सगळा भार सुनेवर पडतो. शेत, चूल, मुले आणि वर हे. आईला उठवून बसवणे, वडिलांना आंघोळ घालणे हे लेकाचेही काम आहे. त्यात कमीपणा कसला? अंथरुणाला खिळलेल्या माणसाला दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. एकट्या बाईने रात्रंदिवस हे करायचे म्हटले, तर पुढचे आजारपण तिचेच.

झोपण्यापूर्वी आपण गोठ्यात एक फेरी मारतोच. तशीच एक फेरी ओसरीवरच्या बाजेकडे मारा. शेजारी टेका आणि विचारा, “तात्या, आज जेवण गेलं का? पोट साफ झालं का? कुठं दुखतंय का?” पहिल्या दिवशी “काही नाही रे” असेच उत्तर येईल. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारा. चार दिवसांनी ते स्वतःच सांगू लागतील.

मग उत्तर नीट ऐका. फक्त “वय झालं” एवढे म्हणू नका.